पूररेषा फक्कीने आखताना: तरुण गटांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी

हवामानबदलावर मुलांसाठी काही करायचं म्हटलं की पहिल्यांदा चित्रकला स्पर्धा सुचते. घाम पुसणारी पृथ्वी, वितळणारा बर्फ, खाली ‘झाडे लावा’. बक्षीस वाटलं की विषय संपतो, कारण त्या चित्राबद्दल मुलाला कोणी प्रश्न विचारत नाही. आमचं ठाम मत आहे की ज्या कलाकृतीसमोर तरुणांना अनोळखी माणसाच्या प्रश्नांना उत्तर द्यावं लागतं, तिच्यातूनच पुढारपण घडतं. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात असं काम म्हणजे पूररेषा: 2019 किंवा 2021 ला पाणी नेमकं कुठवर आलं, ते गल्लीतल्या रस्त्यावर फक्कीने आखून दाखवायचं.

ही कल्पना जगात आधी झाली आहे. ईव्ह मोशर या कलावतीने 2007 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि मॅनहॅटन भागांत समुद्रसपाटीपासून 10 फूट उंचीची रेषा मैदान आखायच्या गाड्याने ओढली. सुमारे 70 मैल. वाटेत लोक थांबून विचारायचे आणि ती उत्तर द्यायची. 2012 च्या सँडी वादळात त्यातल्या अनेक भागांत पाणी शिरलं. आपल्याकडे पाणी येऊन गेलेलं आहे, त्यामुळे अंदाजाची गरज नाही. पण खुणा झपाट्याने पुसल्या जातात. घराला नवा रंग दिला की संपलं.

गट 12 ते 15 जणांचा ठेवा. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना वर्षाला 120 तास भरायचे असतात आणि 7 दिवसांचं शिबिर असतं, तेव्हा मोजणी हिवाळी शिबिरात उरकता येते. मार्च-एप्रिल परीक्षांत जातात. रेषा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आखा, म्हणजे 1 मेच्या ग्रामसभेत लोकांच्या डोळ्यांसमोर ती ताजी असते. त्या दिवसांत वळीव कोसळला तर फक्की वाहून जाते, म्हणून एक राखीव दिवस आणि निम्मी जादा फक्की हाताशी हवीच.

सगळ्यात जास्त वेळ खुणा शोधण्यात जातो आणि तो द्यायलाच हवा. भिंतीवरचा डाग, माळ्यावर राहिलेला गाळ, दुकानाचं शटर किंवा पायरी दिसणारा पुराचा फोटो, ‘पाणी इथवर होतं’ म्हणून कोणी मारलेली रेघ. प्रत्येक ठिकाणी वेगवेगळ्या घरांतल्या दोघांना स्वतंत्रपणे विचारा. दोघांच्या खुणेत अर्ध्या फुटापेक्षा जास्त फरक असेल तर ती खूण सोडून द्या. आजोबा-आजींना 2005 चं पाणी आणि 2019 चं पाणी यांची सरमिसळ होते. ‘तेव्हा नातू केवढा होता?’ असं विचारलं की नेमकं वर्ष कळतं.

उंची पुढे नेण्यासाठी मोबाइलमधली उंची अजिबात वापरू नका, तिच्यात कित्येक मीटरची चूक असते. गवंड्याची लेव्हल नळी घ्या: 20 मीटर पारदर्शक नळी, आतला व्यास 8 मिलिमीटर, आत साधारण लिटरभर पाणी, त्यात खायच्या रंगाचे थेंब. नळी एका बाजूने सावकाश भरा, बुडबुडा राहिला तर मोजणी चुकते. सुरुवातीला दोन्ही टोकं शेजारी धरून पाण्याची पातळी एक दिसते का ते पाहा. हलताना टोकांवर अंगठा ठेवा आणि वाचताना दोन्ही अंगठे काढा. एक जरी राहिला तरी आकडा खोटा येतो. नळीवरून दुचाकी गेली, पीळ पडला, तरी तेच. पूर्ण फेरी मारून पहिल्या खुणेवर परत या. 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर फेरी पुन्हा करा.

इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. पुराचं पाणी नदीच्या उतारासोबत कलतं, तळ्यासारखं सपाट नसतं. म्हणून एका खुणेची पातळी शंभरेक मीटरच्या पुढे नेऊ नका. पुढच्या गल्लीत नवी खूण शोधा.

पाण्याची पातळी जिथे जमिनीला टेकते, तिथे फक्की. 5 सेंटिमीटर रुंद रेषेला किलोभर फक्कीत 20 ते 25 मीटर होतात, म्हणजे अर्ध्या किलोमीटरला 20 ते 25 किलो. खडूची पूड घ्या. चुना स्वस्त पडतो, पण डोळ्यांत गेला तर इजा करतो आणि गल्लीत लहान मुलं धावत असतात. जिथे पाणी डोक्यावरून गेलं होतं, तिथे भिंत रंगवू नका. मालमत्ता विद्रूपणाचा 1995 चा कायदा आहे. त्याऐवजी घरमालकाला विचारून त्या उंचीवर जुन्या साडीची पट्टी ताणून बांधा. आठ फुटांवर फडफडणारी पट्टी माना वर करायला लावते. विजेच्या खांबांना हात लावू नका.

रंग मात्र विचार करून निवडा. पाटबंधारे खात्याची निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. बांधकाम परवानग्या त्यांवर ठरतात. तुमची पट्टी निळी किंवा लाल असली तर ‘आमचे प्लॉट पूरक्षेत्रात घातले’ म्हणून भांडण ठरलेलं. पिवळी वापरा आणि ही सरकारी रेषा नाही हे पाटीवर लिहा.

गर्दी जमवायला हलगी पुरते. रेषेशेजारी करायचं पथनाट्य 12 ते 15 मिनिटांचं, पात्रं 6 ते 8, माइक नको. मागे भिंत घेऊन उभं राहिलं की आवाज पोचतो. दवाखाना, शाळा किंवा न्यायालय 100 मीटरच्या आत असेल तर जागा बदला. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरात नाव उलटून माणसं गेली. नाव उलटण्याचा प्रसंग रंगवू नका. प्रेक्षकांत त्यांचे नातेवाईक असू शकतात. कोणी रडू लागलं तर त्याच्या शेजारी बसायला एक जण आधीच नेमलेला हवा.

खरी तयारी प्रश्नांची. ‘हे हवामानबदलामुळेच का?’ मुलांनी सरळ सांगावं: हवा 1 अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पडणारा पाऊस जास्त जोराने पडू शकतो, नदीकाठी टाकलेला भराव आणि बांधकामं त्यात आणखी भर घालतात, या एका पुरात कोणाचा वाटा किती, हे गल्लीत उभं राहून सांगता येत नाही. कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणामुळे इथे पूर येतो का, हा प्रश्न प्रत्येक गल्लीत येणार. मुलांनी त्यात बाजू घेऊ नये, पण समोरच्याला गप्पही करू नये. ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ म्हणून नाव-घर वहीत लिहायचं आणि आठ दिवसांत परत जाऊन सांगायचं. परत जाणारी मुलं ओळखून ठेवा. स्टेजवर सगळ्यात छान बोलणारी मुलं हीच असतात असं नाही, आणि पुढच्या वर्षीचा गट याच मुलांच्या हाती द्यावा.

ग्रामसभेत मागणी एकच न्या. ‘पर्यावरण वाचवा’ असा ठराव कोणीही हात वर करून मंजूर करतं आणि विसरतं. ‘रेषेच्या आतल्या घरांतले अंथरुणाला खिळलेले लोक कोण, त्यांना कोणत्या शाळेत न्यायचं आणि गाडी कोणाची, याची यादी 31 मेपर्यंत लावा’ असं मागितलं की उत्तर द्यावं लागतं. ही मागणी मुलीने वाचली तर पुढच्या वेळी मागे बसलेल्या बायकाही बोलतात.

जूनपासून गटाचं काम नदीच्या पातळीच्या आकड्यांवर चालतं. कोल्हापूरला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. सांगलीला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 आणि 45. हे आकडे बातम्यांत रोज येतात, पण ‘43 म्हणजे माझ्या दारात किती?’ हे घरातल्या बाईला त्यातून कळत नाही. बंधाऱ्याचा आकडा आणि त्याच वेळी गल्लीत पाणी कोणत्या पायरीला लागलं, अशी जोडी सुरक्षित अंतरावरून, दिवसाउजेडी, किमान दोघांनी मिळून वहीत टिपायची. पाणी चढतानाच्या आणि उतरतानाच्या नोंदी वेगळ्या ठेवा, दोन्ही वेळी फरक पडतो. दोन पावसाळ्यांच्या नोंदी जमल्या की गल्लीचा स्वतःचा तक्ता होतो: बंधाऱ्यावर इतके फूट, तर कोपऱ्यावरच्या दुकानाची दुसरी पायरी. तो तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून दुकानातच लावा.