अभिनय शिकवताना या चुका टाळा: ‘पानी’ म्हणणारा पोरगा गप्प का झाला?

नाट्यशास्त्र विभागात नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात एखादा मुलगा सगळ्यांना हसवत असतो. दिवाळीपर्यंत तोच मागच्या भिंतीला टेकून बसतो. ‘लाजतो जरा’, असं आम्ही मास्तर एकमेकांना सांगतो. मीही सांगितलंय. खोट बहुतेक वेळा आमच्याच तासात असते.

आधी ‘शुद्ध’, मग अभिनय

‘पानी नाही रे, पाणी!’ वाक्य पुरं व्हायच्या आत टोकलं की मुलगा भूमिका सोडून पुढचा ‘ण’ शोधत बसतो. परभणीकडच्या एका मुलाला मी एका स्वगतात अकरा वेळा थांबवलं होतं. मोजलं त्याच्या शेजारणीने. मला भानही नव्हतं.

आता पहिलं वाचन ज्याच्या त्याच्या बोलीत घेतो आणि मोबाइलवर रेकॉर्ड करतो. श्वास कुठे घेतला, जोर कुठल्या शब्दावर पडला, ते टिपायचं. मग तोच उतारा प्रमाण मराठीत. जोर जागेवर राहिला का, एवढंच बघायचं. ‘ण’साठी वेगळी दहा मिनिटं ठेवायची: जीभ मागे वळवून टाळूला लावायची, बस.

प्रमाण भाषा शिकवूच नका म्हणणारेही भेटतात. मला ते पटत नाही, पुण्या-मुंबईच्या ऑडिशनला ती लागतेच. फक्त ती एकतर्फी नको. कोथरूडची मुलगी ‘काय करायलास?’ म्हणताना तीनदा अडखळली आणि परभणीकर तिला शिकवायला उठला, त्या दिवशी वर्गाचं वारं फिरलं.

चेहरा बघून भूमिका

सावळा हवालदार, गोरा डॉक्टर. ‘बाहेर असंच कास्टिंग होतं’, हे आमचं ठरलेलं उत्तर. बाहेरचं बाहेर, एम.ए.च्या दोन वर्षांत तरी नको. कोणाला काय मिळालं याची साधी वही ठेवा. सत्राच्या शेवटी ती चाळली की आपलीच मान खाली जाते.

‘तुला जमेल तेवढं कर’

हे प्रेमाने म्हटलं जातं आणि पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावलेली मुलगी हालचालीच्या तासाला खुर्चीत उरते. व्यायाम कशासाठी आहे ते आधी ठरवा. शरीराचं वजन एका बाजूकडून दुसरीकडे नेणं, हा हेतू असेल तर तो बसूनही साधतो. काय सोयीचं ते तिलाच विचारा, पण चारचौघांत नको. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही वाजवी सोयी द्यायला सांगतोच.

आणि तालमीची वेळ! तालीम साडेदहापर्यंत, मुलींच्या हॉस्टेलचं गेट दहाला बंद, वर शेरा ‘कमिटमेंट नाही’. तालीम तासभर आधी लावा.

करिअर म्हणजे फक्त मालिका

इथे आम्ही दोन्ही बाजूंनी चुकतो. एकाला स्वप्न विकतो, दुसऱ्याला ‘तुझं काही खरं नाही’ म्हणून मोकळे होतो. हिशेब कोणी मांडत नाही. मालिकेत बारा-तेरा तासांची शिफ्ट असते आणि पैसे बऱ्याचदा ९० दिवसांनी हातात पडतात. म्हणजे काम मिळाल्यावरही तीन महिन्यांचं भाडं आणि खोलीची अनामत आधी गाठीला हवी. हे पहिल्याच वर्षी, फळ्यावर आकडे लिहून सांगा. ज्याच्या घरून पैसे येणार नाहीत, त्याला ते सर्वांत आधी कळायला हवं.

त्याच फळ्यावर डबिंग, बालनाट्य शिबिरं आणि प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षाही लिहा. झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातली रंगभूमी, तर ठळक लिहा. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपटांच्या (बैलांच्या शर्यतींच्या) दिवसांत गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियात रात्र रात्र नाटकं चालतात, तिकीट काढून माणसं बसतात, गडचिरोलीतल्या वडशात नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत. आमच्याकडे मात्र हा विषय निघाला की स्टाफरूममध्ये कोणीतरी हसतं.

त्या हंगामात सतत गैरहजर राहिला म्हणून एका मुलाचे अंतर्गत गुण मी कापले होते. तो वडशाच्या एका कंपनीत रात्री उभा राहून वर्षाची फी जमवत होता.