ध्रुवीय सीलमधलं प्रदूषण मोजताय? या चुका टाळा

पहिल्याच पानावर ‘सील मासा’ असं लिहिलेला प्रकल्प हाती आला की पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज येतो. सील हा मासा नाही. तो सस्तन प्राणी आहे, मादी पिल्लाला दूध पाजते, आणि प्रदूषणाची अर्धी गोष्ट त्या दुधातच घडते.

कोल्हापुरातून वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र रस्त्याने काही तासांवर. त्यामुळे एम.एस्सी.च्या मुलांना ध्रुवीय विषयांची हौस असते, आणि असावीच. कुणी छापील आकडे गोळा करून प्रबंध लिहितो, कुणाच्या वाट्याला नमुन्यांच्या गोठवलेल्या नळ्या येतात. चुका मात्र दोघांच्याही ठरलेल्या.

चरबी किती ते न बघता तुलना करणं

ही चूक सगळ्यांत जास्त दिसते, म्हणून हिला जागाही जास्त.

पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांतली रसायनं) आणि डीडीटी (कीटकनाशक) ही चरबीत विरघळणारी. मिसळीचा कट डोळ्यासमोर आणा. तिखटाचा लाल रंग पाण्यात उतरत नाही, तेलात उतरतो. एकाच पातेल्यातला वरचा कट घेतला तर वाटी लालभडक, पळी तळाला घातली तर फिकी. दोन वाट्या शेजारी ठेवून ‘या हॉटेलात तिखट जास्त घालतात’ असं कुणी म्हणालं तर आपण हसू. सीलच्या बाबतीत तेच वाक्य प्रबंधात टाइप होतं आणि कुणी हसत नाही.

एका मसुद्यातला घोटाळा बघा. आकडे समजायला सोपे केले आहेत. अंटार्क्टिकातल्या वेडेल सीलच्या दोन माद्या. पहिलीचा नमुना विण्याच्या सुरुवातीचा, मादी गुबगुबीत, ब्लबरमध्ये (कातडीखालच्या जाड थरात) ८८ टक्के चरबी, पीसीबी ओल्या वजनाच्या ग्रॅममागे ४४ नॅनोग्रॅम. दुसरीचा नमुना पिल्लू दूध तोडण्याच्या सुमाराचा, मादी खंगलेली, चरबी ६२ टक्के, पीसीबी ४७. मसुद्यात निष्कर्ष होता: ‘प्रदूषणात लक्षणीय फरक नाही.’ आता चरबीमागे हिशेब करा. ४४ भागिले ०.८८ म्हणजे ५०. ४७ भागिले ०.६२ म्हणजे जवळपास ७६. दीडपट फरक!

मसुदा परत गेला, दुरुस्त होऊन आला, आणि आता त्यात लिहिलं होतं की दुसऱ्या मादीच्या परिसरात प्रदूषण दीडपट आहे. म्हणजे आगीतून फुफाट्यात. वेडेलची मादी सहा-सात आठवडे पाजते आणि त्यातला बराच काळ फारसं खात नाही. चरबी जळते, पण पीसीबी त्या वेगाने बाहेर पडत नाही. रस्सा आटवला की मीठ वाढल्यासारखं लागतं, तसंच हे. दीडपट फरकाचा बराचसा भाग उपासाचा असू शकतो, पाण्याचा नव्हे. त्यातून काही पीसीबी दुधावाटे पिल्लात जातं ते वेगळंच. वयात आलेल्या माद्यांमध्ये नरांपेक्षा आकडे कमी आढळतात ते याच वाटेमुळे. नराला ही वाट नाही, त्याच्यात वयाबरोबर साठत जातं.

म्हणून आमच्या तक्त्यात पीसीबीच्या रकान्याआधी पाच रकाने असतात: लिंग, वय किंवा निदान वयोगट, महिना, शरीराची स्थिती, चरबीची टक्केवारी. यातला एक जरी रिकामा असेल तर ती ओळ तुलनेत घेत नाही. मुलं म्हणतात, मग नमुने उरतात किती? कमी उरतात. तेवढ्यांवर लिहा.

चरबी मोजण्यातही चटकन उरकायची घाई नको. ब्लबर पूर्ण वितळू दिलं की तेल फॉइलला चिकटतं आणि टक्केवारी खाली येते. अर्धवट गोठलेलं असतानाच थंड पाटीवर कापा. ज्या अर्कातून पीसीबी मोजणार त्याच अर्काचा ठरावीक भाग आधी वजन केलेल्या ॲल्युमिनियमच्या वाटीत घ्या, द्रावक उडवा, वजन स्थिर होईपर्यंत तोला. दुसऱ्याच तुकड्याची चरबी मोजून तो आकडा इकडे लावू नका. नुसतं हेक्झेन हे द्रावक ब्लबरला चालतं, यकृताला नाही. यकृतात फॉस्फोलिपिड प्रकारची चरबी बरीच असते, तिला क्लोरोफॉर्म-मिथेनॉल लागतं.

आणखी एक. ब्लबर एकजिनसी नसतं. कातडीकडचा थर बराचसा स्थिर, स्नायूकडचा थर शरीर रोज वापरतं. उपासात आतला थर आधी आटतो. त्यामुळे बायोप्सी कातडीपासून स्नायूपर्यंत पूर्ण खोलीची हवी, आणि त्यातून निघालेला तुकडा, म्हणजे गाभा, फॉइलमध्ये गुंडाळताना कातडीकडच्या टोकाला फॉइलची एक घडी घालून खूण ठेवा. खूण नसलेला गाभा म्हणजे दोन्ही टोकं सारखी दिसणारा ऊस. बुडखा कुठला आणि शेंडा कुठला, सांगा बघू.

पीएफएएसचा आकडासुद्धा चरबीने भागणं

वरचं वाचून उत्साह आला की ही चूक होते. पीएफएएस म्हणजे पाणी-तेल न चिकटू देणाऱ्या वस्तूंमधली फ्लोरिनयुक्त रसायनं. त्यातलं पीएफओएस आणि त्याची भावंडं चरबीत साठत नाहीत, प्रथिनांना चिकटतात. ती रक्तात आणि यकृतात शोधा. ब्लबरमध्ये शोधून ‘आढळलं नाही’ लिहिलंत तर त्याचा अर्थ शून्य.

एकच डबा सगळ्याला

पीसीबीसाठी नमुना ४५० अंशांवर भाजलेल्या काचेत किंवा द्रावकाने धुतलेल्या फॉइलमध्ये, प्लास्टिक नको. पारा आणि इतर धातूंसाठी नायट्रिक ॲसिडने धुतलेलं प्लास्टिक, फॉइल नको. पीएफएएससाठी पॉलिप्रॉपिलीन, आणि टेफ्लॉनचं अस्तर असलेलं झाकण मुळीच नको. ऊतींची रचना बघायची तर दहा टक्के बफर केलेलं फॉर्मॅलिन, ऊतीच्या दहापट, तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नाही, आणि तो फ्रीझरमध्ये टाकायचा नाही. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. एका सीलचे चार डबे होतात. कंटाळा येत असेल तर चाचण्या कमी करा.

रिकामा डबाही सोबत न्या. तो उघडा, बंद करा, परत आणा आणि नमुन्यासारखाच तपासा. अंटार्क्टिकातली संशोधन केंद्रंच आग-प्रतिबंधक रसायनांचा स्रोत असू शकतात. मॅकमर्डो आणि स्कॉट तळांच्या परिसरात पीबीडीई ही अशीच रसायनं आढळल्याचं प्रसिद्ध झालेलं आहे. सोफा, संगणक, धूळ. जलरोधक जॅकेटमधून पीएफएएस, फ्लीसमधून सूक्ष्म तंतू. सीलच्या विष्ठेत निळा तंतू दिसला की आधी नमुना घेणाऱ्याच्या स्वेटरचा रंग विचारा.

पारा आणि सेलेनियम तराजूत तोलणं

यकृतात ग्रॅममागे पारा १० मायक्रोग्रॅम, सेलेनियम ४ मायक्रोग्रॅम, ‘म्हणजे पारा अडीचपट, प्राणी धोक्यात.’ हे वाक्य इतक्या वेळा वाचलंय की आता लाल पेनची शाईही संपत आली.

पारा आणि सेलेनियम यकृतात एकमेकांना धरून बसतात, पण अणूला अणू. पाऱ्याचा अणुभार २००.६, सेलेनियमचा ७९. १० भागिले २००.६ म्हणजे ०.०५० मायक्रोमोल. ४ भागिले ७९ म्हणजे ०.०५१. जवळपास बरोबरी! प्रौढ सीलच्या यकृतात हे गुणोत्तर एकाच्या आसपास दिसणं नवलाचं नाही. मिथाइल पाऱ्याचं (पाऱ्याच्या विषारी सेंद्रिय रूपाचं) रूपांतर होऊन पारा-सेलेनाइडचे निष्क्रिय कण बनतात आणि तिथेच साठतात. गुळाच्या ढेपा आणि नारळ किलोवर तोलून ‘एकेकाला एकेक पुरतील का’ ठरवता येत नाही, मोजावे लागतात.

यावरून दुसरी गोष्ट निघते. यकृतातला एकूण पारा मोठा दिसतो, पण त्यात मिथाइल पाऱ्याचा वाटा थोडा असतो. स्नायूत एकूण आकडा लहान, पण बहुतेक सगळा मिथाइल पारा. या दोन अवयवांचे आकडे एकाच आलेखात काढू नका. केसांतला पारा केस वाढत होते त्या काळाचा असतो, पकडलं त्या दिवसाचा नव्हे. शिवाय केस ॲसिटोन-पाणी-ॲसिटोन असे धुतल्याशिवाय मोजायचे नाहीत.

‘एकूण पीसीबी’ म्हणजे नक्की किती?

पीसीबीचे प्रकार २०९. एका शोधनिबंधात सात नेहमीच्यांची बेरीज असते, दुसऱ्यात साठ-सत्तरांची. दोन्हींना नाव एकच, ‘एकूण’. दोन्हींत सामाईक असलेलेच प्रकार घ्या आणि पुन्हा बेरीज करा. छापील तक्ता तेवढं देत नसेल तर तो निबंध बाजूला ठेवा.

एककांचंही तेच. समुद्री सस्तन प्राण्यांसाठी चरबीमागे किलोला १७ मिलिग्रॅम पीसीबी ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी वापरतात. म्हणजे ग्रॅममागे १७,००० नॅनोग्रॅम. अंटार्क्टिक सीलचे आकडे त्याच्या कितीतरी खाली असतात. एकक न बघता ७६ हा आकडा १७ पेक्षा मोठा ठरवणारे महाभाग आहेत.

मोजण्याच्या मर्यादेखालच्या आकड्यांना शून्य लिहू नका. किती टक्के नमुने मर्यादेखाली ते लिहा.

मेलेला सील म्हणजे प्रदूषणाचा बळी

१९८८ मध्ये उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर हार्बर सील हजारोंनी मेले. कारण होतं सीलचा डिस्टेंपर विषाणू. प्रदूषणाने प्रतिकारशक्ती कमी झाली होती का, हा प्रश्न रास्त होता, पण तो मेलेल्या सीलवरून सुटला नाही. नेदरलँड्समध्ये सीलच्या दोन गटांना दोन वर्षांहून जास्त काळ वेगवेगळी हेरिंग खाऊ घातली, एका गटाला अटलांटिकची, दुसऱ्याला प्रदूषित बाल्टिकची. बाल्टिकच्या गटात प्रतिकारशक्तीतल्या ‘नैसर्गिक मारक पेशीं’चं काम मंदावलं. एवढं केल्यावर मग ‘परिणाम’ हा शब्द वापरता आला. तुमच्याकडे बारा नमुने आणि एक सहसंबंध गुणांक असेल तर ‘संबंध आढळला’ इथेच थांबा.

२०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती-सीलची हजारो पिल्लं एच५एन१ बर्ड फ्लूने गेली, आणि त्याच हंगामात तो विषाणू साउथ जॉर्जियातही पोचला. तेव्हा मृत सीलचा नमुना आला की आधी विषाणूची चाचणी, तोपर्यंत हातमोजे आणि मास्क उतरवायचा नाही.

रक्तातल्या चाचण्यांचे आकडे तर फारच हळवे. पकडल्यापासून काही मिनिटांतच कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढायला लागतं. पकडण्याची आणि सुई टोचण्याची वेळ मिनिटांत नोंदवा. थायरॉइड संप्रेरकं जुने केस झडण्याच्या काळात आपोआप बदलतात. अ जीवनसत्त्व उजेडात नासतं, त्याची नळी फॉइलमध्ये गुंडाळा.

फ्रीझरवर आंधळा विश्वास

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरच्या कितीतरी भागांत वीज नव्हती. तळमजल्यावर फ्रीझर ठेवणाऱ्यांना हे दोनदा सांगावं लागू नये. आमची सवय अशी: एका प्लास्टिकच्या कपात पाणी गोठवायचं, बर्फावर रुपयाचं नाणं ठेवायचं आणि कप नमुन्यांच्या शेजारी ठेवायचा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे कधीतरी सगळं वितळून पुन्हा गोठलंय, पॅनेलवरचा आकडा काहीही सांगो. वास्कोहून येणाऱ्या खोक्यातही एक कप असतो. कोरडा बर्फ घातलेलं थर्मोकोलचं खोकं हवाबंद करू नका, वायू साठून झाकण उडतं.

आणि लेबल पेन्सिलीने. मार्करची शाई हेक्झेनच्या एका थेंबाने जाते. एक लेबल डब्यावर आणि एक पिशवीत; पीएफएएसच्या डब्यांवर जलरोधक कागद नको, साधाच लावा.