आपला स्पीड कसा ओळखायचा

रविवारी सकाळी नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर गर्दी कमी असते. बाईकवर वाशीहून बेलापूरकडे निघा, 40 ला सुरुवात करा, लिमिटच्या आत राहून पाच-पाचने वाढवा. लक्ष काट्यापेक्षा हातांवर ठेवा. कोपरं ताठ झाली, मूठ आवळली, लांबच्या सिग्नलवरची नजर पुढच्या चाकाजवळ आली, की समजा आपला स्पीड ओलांडला. लगेच दहाने कमी करा. मित्र पुढे गेला तर जाऊ द्या, अगदी कळकळीने सांगतोय. 60 ला गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. स्पीड दुप्पट झाला की नुसत्या ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. मागे कुणी बसणार असेल तर हे सगळं त्याच्यासकट पुन्हा करून बघा. पावसात पांढऱ्या पट्ट्यांवर आणि पुलाच्या लोखंडी सांध्यांवर ब्रेक दाबू नका, आधीच हळू व्हा.