ऋतूप्रमाणे गाडीचे टायर कसे निवडावेत

टायर घ्यायला गेलेला माणूस आधी वाकून नक्षी बघतो. खाचा खोल दिसल्या की हा टायर पावसातही धरणार आणि बर्फातही, असं त्याला वाटतं आणि दुकानदारही मान डोलावतो. या समजुतीपायी लोक चांगले पैसे मोजून चुकीचा टायर घरी आणतात, आणि ते बघून मला खरंच चीड येते. टायर कोणत्या ऋतूचा हे आधी त्याचं रबर ठरवतं. नक्षीचा नंबर त्यानंतर लागतो.

१. माप

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरून माप उतरवून घ्या. समजा १९५/६५ आर १५ ९१ एच असं लिहिलंय, तर ९१ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ६१५ किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. भाराचा आकडा याहून कमी घेऊ नका, कोणी कितीही सूट देऊ केली तरी.

२. रबर आणि तापमान

खरी गोची इथे होते. मलाही हे नीट उमगायला बराच काळ गेला, कारण जो तो महिना सांगतो, तापमान कोणीच सांगत नाही.

उन्हाळी टायरचं रबर तापलेल्या रस्त्यावर टिकेल असं घट्ट बनवलेलं असतं. पारा साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेला की ते कडक होत जातं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागात रुतेनासं होतं. बर्फाचा कण नसला, रस्ता कोरडा ठणठणीत असला, तरी पकड घटते. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. हाताने चाचपून बघा: उन्हाळी टायरच्या नक्षीचे ठोकळे मोठे आणि भरीव लागतात, तर हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक, नागमोडी चिरा बोटाला जाणवतात. चाक फिरताना या चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात. मात्र हाच टायर कडक उन्हात चालवला तर भराभर झिजतो, वळणावर लिबलिबतो आणि ब्रेक मारल्यावर गाडी जास्त लांब जाऊन थांबते. म्हणून "हिवाळी टायर वर्षभर चालतो, काही होत नाही" हा सल्ला कानाआड करा.

तेव्हा निर्णय कॅलेंडरवरून घेऊ नका. तुम्ही गाडी काढता त्या वेळचं तापमान बघा, म्हणजे पहाटेचं आणि रात्रीचं. दुपारचं किंवा सरासरीचं नको. पहाटेही पारा क्वचितच ७ अंशांखाली जात असेल तर उन्हाळी टायर बाराही महिने ठेवा. हिवाळी टायरवर खर्च करू नका. थंडी काही आठवड्यांपुरती आणि बर्फ अधूनमधून असेल तर ऑल-सीझन पुरतो. तो दोन्हीकडे तडजोड करतो: कडक उन्हाळ्यात उन्हाळी टायरइतका नाही, दाट बर्फात हिवाळीइतका नाही. आणि महिनेच्या महिने पारा खालीच राहत असेल, किंवा हिवाळ्यात घाट ओलांडून नेहमी जावं लागत असेल, तर दोन वेगळे संच घ्या. खर्च दुप्पट होतो असं वाटतं खरं, पण एक संच चालतो तेव्हा दुसरा झिजत नाही.

आता खुणा. टायरच्या बाजूवर एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) दिसलं की लोक निश्चिंत होतात. होऊ नका. ती अक्षरं कंपनी स्वतःच घालते, त्यामागे बर्फावरची चाचणी असावीच लागते असं नाही. खात्रीची खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ती मिळवायला टायरला बर्फावरच्या पकडीची ठरलेली चाचणी पार करावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस असलेला टायर हिवाळी रस्त्यांसाठी ग्राह्य धरत नाहीत. ऑल-सीझन घेतानाही डोंगराची खूण बघूनच घ्या. तरी लक्षात असू द्या, ही चाचणी दाबल्या गेलेल्या भुसभुशीत बर्फावरची आहे. काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर या खुणेच्या भरवशावर वेग वाढवू नका.

३. पाऊस

उन्हाळी टायर फक्त कोरड्या रस्त्याचा, हा गैरसमज आहे. उबदार हवेतल्या पावसात तोच सर्वात चांगला धरतो. युरोपीय लेबल असेल तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी दिलेली असते. ए किंवा बी घ्या. आवडला म्हणून मापापेक्षा रुंद टायर चढवू नका. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, आणि तरंगलेली गाडी स्टिअरिंग ऐकत नाही. नवीन टायरची खाच साधारण ८ मिलिमीटर असते. अनेक देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, पण पावसासाठी ३ आणि बर्फासाठी ४ वर आला की टायर बदलाच.

४. तारीख

बाजूवर चार आकडे शोधा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल नको.

५. चारही एकसारखे

बऱ्याच गाड्यांत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते, म्हणून हिवाळी टायर फक्त पुढे घालायला सांगणारे भेटतील. ऐकू नका. पुढची चाकं धरतात, मागची सुटतात, आणि निसरड्या वळणावर गाडीची शेपटी गर्रकन फिरते. ऋतू बदलताना चारही टायर एकाच प्रकारचे हवेत. एकाच प्रकारचे दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी.

६. बसवल्यावर

पारा १० अंशांनी उतरला की टायरमधल्या हवेचा दाब साधारण दीड-दोन पीएसआयने (पंपावर हवा मोजतात ते माप) कमी होतो. टायर थंड असताना मोजा. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बरोबर बसलाय ना, हे दुकानातून निघण्याआधी स्वतः बघा. काढलेला संच उन्हापासून दूर, कोरड्या जागी ठेवा: रिमसकट असेल तर एकावर एक, नुसते टायर असतील तर उभे. कोणतं चाक कुठलं ते खडूने लिहून ठेवा. आणि गाडी ५० ते १०० किलोमीटर चालली की चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना) पुन्हा तपासून घ्या.