पूर ओसरल्यावर घराच्या विम्याचा क्लेम कसा करायचा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतं. 2019 आणि 2021 च्या पुरांनी ते आकडे घराघरांत नेले. पण घराचा विमा असूनही हातात कमी पैसे का पडतात, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. खोट पॉलिसीतच असते असं नाही. बऱ्याचदा ती पाणी ओसरल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत होते, कारण गाळ उपसायच्या घाईत पुरावाही उपसला जातो.

पाणी घरात असतानाच कळवा

पाहुण्यांकडे किंवा निवारा केंद्रात असलात तरी कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा आणि त्याच दिवशी ईमेलही पाठवा. पॉलिसी नंबर, घराचा पत्ता, पाणी कधी शिरलं आणि ढोबळमानाने काय बुडालं, एवढं पुरे. क्लेम नंबर मागून लिहून ठेवा. एजंटला व्हॉट्सअॅपवर फोटो टाकले म्हणजे कंपनीला कळवलं असं होत नाही. एजंट भला माणूस असला तरी तुमचा ईमेल तुम्हीच करायचा.

पॉलिसीचा कागद कपाटासकट भिजला असेल तर बँक पासबुकातली हप्त्याची नोंद किंवा जुना ईमेल शोधा. गृहकर्ज असेल तर बँकेला विचारा. कर्जासोबत काढलेला विमा बऱ्याचदा फक्त बांधकामाचा असतो, घरातल्या सामानाचा नसतो, आणि बांधकामाचे पैसे आधी बँकेच्या नावावर जमा होऊ शकतात. हे आधीच माहीत असलं की नंतर धक्का बसत नाही.

एप्रिल 2021 पासून आलेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी असेल तर नुकसान लक्षात आल्यापासून 30 दिवसांच्या आत क्लेम फॉर्म द्यायचा असतो. कळवण्यासाठी मात्र 30 दिवस थांबू नका.

घरात पाऊल टाकताना

आधी मेन स्विच बंद करा. मीटरपर्यंत पाणी आलं असेल तर वायरमनला बोलवा. फ्रिज, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर 'चालते का बघू' म्हणून लावून बघायची नाही. जिवाला धोका आहेच, शिवाय शॉर्ट सर्किट होऊन यंत्र जळालं तर त्या यंत्राचं नुकसान पॉलिसीतून वगळलेलं असू शकतं. पुराने बिघडलेला फ्रिज एका स्विचमुळे शॉर्ट सर्किटने जळालेला फ्रिज ठरतो, आणि भांडण तिथून सुरू होतं.

झाडू हातात घेण्याआधी फोटो

भिंतीवर गाळाची एक रेघ उमटलेली असते. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा पुरावा हाच. प्रत्येक खोलीत त्या रेघेला टेप लावा, टेपवरचा आकडा दिसेल असा फोटो काढा, आणि मग टेपसकट पूर्ण भिंतीचा एक दुरून काढा. हॉलमध्ये रेघ जमिनीपासून 4 फूट 2 इंचांवर असेल तर टीव्ही, सोफा, देवघराचा खालचा कप्पा, स्विचबोर्ड हे सगळं पाण्यात होतं हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही. रेघ धुतली की प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र वाद घालावा लागतो.

यंत्रांच्या मागे किंवा दाराच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. गाळ बोटाने हलकेच पुसून त्याचा फोटो घ्या. बिल सापडलं नाही तरी या नंबरावरून वस्तू आणि तिचं साल ओळखता येतं. मुख्य दारापासून मागच्या मोरीपर्यंत न थांबता एक व्हिडिओ काढा, आणि चालता चालता तारीख आणि खोलीचं नाव बोला.

स्वच्छता करायची, पण फेकायचं नाही

इथेच बहुतेकांची गल्लत होते. पॉलिसी तुमच्याकडून दोन गोष्टी एकाच वेळी मागते: नुकसान आणखी वाढू द्यायचं नाही, आणि सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान मोजायला कंपनी नेमते त्या माणसाला, ते बघता आलं पाहिजे. त्यामुळे फोटो झाले की गाळ काढा, खिडक्या उघडा, भिजलेलं सामान गच्चीवर किंवा अंगणात लावा. भंगारवाल्याला मात्र हाकलून लावा. पूर ओसरला की हातगाडे गल्लोगल्ली फिरतात आणि वैतागलेला माणूस शंभर रुपयांत कपाट देऊन मोकळा होतो. त्या कपाटाची भंगारातली किंमत क्लेममधून वजा होतेच. वस्तूच नसेल तर क्लेमही लटकतो.

गाद्या, धान्य, उशा कुजायला लागतात, त्या ठेवणं शक्य नसतं. तेव्हा फोटो काढा, नग मोजा, गादीच्या खोळीचा तुकडा कापून पिशवीत ठेवा, आणि 'आरोग्याच्या कारणाने टाकत आहोत' असा ईमेल किंवा मेसेज सर्व्हेअरला करून मगच टाका.

प्लायवूडचा पलंग पहिल्या दिवशी धडधाकट दिसतो. चार-पाच दिवसांनी कडा फुगतात, सनमायका सुटतो, ड्रॉवर अडकतो. भिंतींचंही तसंच: वाळताना प्लास्टरला पापुद्रे येतात, लाकडी चौकटी वाकतात. सर्व्हेअर लवकर येऊन गेला असेल तर हे त्याच्या नोंदीत नसणार. म्हणून पहिल्या भेटीतच 'लाकूडकाम आणि गिलावा वाळल्यावर पुन्हा बघावं लागेल' असं लेखी सांगून ठेवा, आणि दर दोन दिवसांनी त्याच कोनातून फोटो घ्या.

यादी आणि कागद

वहीत खोलीनिहाय यादी करा: वस्तू, कंपनी, कधी घेतली, तेव्हाची किंमत, आजची किंमत, काय झालं. 'फर्निचर, 80 हजार' असं लिहिलेल्या ओळीला सर्व्हेअर किंमत देत नाही. 'सागवानी चौकटीचा प्लाय पलंग, 6 बाय 5, 2018, खालचा बॉक्स फुगला' याला देतो. बांधकामासाठी मिस्त्रीकडून चौरस फुटांत मोजलेलं अंदाजपत्रक घ्या: गिलावा किती, फरशी किती, वायरिंगचे पॉइंट किती.

पॉलिसी, क्लेम फॉर्म, ओळखपत्र, रद्द केलेला चेक आणि घरफाळ्याची पावती किंवा प्रॉपर्टी कार्ड लागतं. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा. महसूल खात्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या, तुमच्या घरात पाणी आलं होतं याचा तो सरकारी कागद आहे. सरकारच्या सानुग्रह अनुदानाची (मदतीची) वाट वेगळी आणि विम्याची वेगळी. एकाचा अर्ज केला म्हणून दुसरा सोडू नका.

काय मिळतं, काय मिळत नाही

'भारत गृह रक्षा'मध्ये इमारतीच्या विम्याची रक्कम चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले बांधकामाचा दर अशी ठरते, जमिनीचा भाव त्यात नसतो. 700 चौरस फूट आणि 2,000 रुपये दर असेल तर 14 लाख. वेगळी यादी न देताही त्याच्या 20 टक्के, म्हणजे 2 लाख 80 हजारांचं घरसामान आपोआप धरलं जातं. त्याची कमाल मर्यादा 10 लाख. राडारोडा हलवायला क्लेमच्या 2 टक्क्यांपर्यंत मिळतात, ते मागायला लोक विसरतात.

या पॉलिसीत कमी रकमेचा विमा म्हणून कपात होत नाही. जुन्या किंवा दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत होऊ शकते: 20 लाखांच्या घराचा 10 लाखांचाच विमा असेल तर 4 लाखांच्या नुकसानीचे 2 लाखच हातात येतात.

रोख रक्कम आणि गाड्या यात येत नाहीत. गाडीचा क्लेम गाडीच्या विम्यावर. दागिन्यांसाठी वेगळं कलम घेतलेलं असावं लागतं. कुंभार गल्लीत घरातच गणपतीच्या मूर्ती ठेवणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं: विकायचा माल घरसामानात मोडत नाही, त्याला धंद्याचा वेगळा विमा लागतो. अपार्टमेंटमध्ये लिफ्ट, पंप, पार्किंगचा क्लेम सोसायटीने करायचा. आणि वर्षानुवर्षं झिरपणारी गळती म्हणजे पूर नव्हे, ती फॉर्ममध्ये घुसडलीत तर खऱ्या नुकसानीवरही संशय येतो.

सर्व्हेअर, आणि मतभेद झाला तर

सर्व्हेअरची फी कंपनी देते, तुम्ही एक रुपयाही द्यायचा नाही. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी संस्थेच्या 2024 च्या परिपत्रकानुसार क्लेम कळवल्यापासून 24 तासांत सर्व्हेअर नेमायचा, 15 दिवसांत अहवाल घ्यायचा आणि अहवाल मिळाल्यावर 7 दिवसांत निर्णय द्यायचा, ही कंपनीची जबाबदारी आहे. सर्व्हेअरला दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या आणि अहवालाची प्रत मागा. कपात कुठल्या ओळीत झाली ते त्यातच दिसतं.

रक्कम पटली नाही तर 'पूर्ण व अंतिम' लिहिलेल्या व्हाउचरवर मुकाट्याने सही करू नका, हरकत लेखी कळवा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला पत्र द्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. कोल्हापूर त्यांच्याच हद्दीत येतं, फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची तक्रार चालते, पण कंपनीने नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. दोन्ही ठिकाणी पहिल्यांदा विचारतात तो कागद म्हणजे तुम्ही कंपनीला पाठवलेला पहिला ईमेल, तारखेसकट.