जेकिल: इन्स्टॉल करण्यापासून पहिल्या पुल रिक्वेस्टपर्यंत, माझा अनुभव

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट करायचं ठरलं तेव्हा माझं इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष चालू होतं, हातात ४ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि नेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट. वाचनालयाकडे दरवर्षी होस्टिंगला भरायला पैसे नव्हते आणि मला सर्व्हर सांभाळायचा अनुभव नव्हता, म्हणून शोधत शोधत जेकिलपाशी आलो. जेकिल म्हणजे स्टॅटिक साइट जनरेटर, तुम्ही मजकूर साध्या मार्कडाउन फाइलमध्ये (थोडी चिन्हं लावलेला नुसता मजकूर) लिहायचा, तो टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, बसवून जेकिल तयार एचटीएमएल पानं काढून देतो, मागे डेटाबेस नाही की लॉगिन नाही, त्यामुळे फुकट होस्टिंगवरही साइट पळते. गिटहब, म्हणजे कोड ठेवायची आणि मिळून काम करायची साइट, तिच्या संस्थापकांपैकी एक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी २००८ मध्ये हे रूबी भाषेत सुरू केलं आणि लायसन्स एमआयटी आहे, म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा, वापरावा.

हे लिहितोय ते मुख्यतः अशा मुलामुलींसाठी ज्यांना ओपन सोर्समध्ये, म्हणजे असा सगळ्यांना खुला कोड असलेल्या प्रोजेक्टमध्ये, काँट्रिब्यूट करायचंय (आपली भर घालायचीय) पण "आपल्याला कुठे तेवढं येतं" म्हणून वर्षभर नुसतं बघत बसलेत. मला एकच गोष्ट सांगायचीय, पहिल्या दिवसापासून वही ठेवा. जिथे अडलात तिथे तारीख, एररची ओळ, आणि शेवटी ते कशाने सुटलं, एवढं लिहा. महिन्याभरात तुम्ही सरावता आणि मग नवीन माणसाला काय कळत नाही हे तुम्हालाच आठवत नाही. वर्षानुवर्षं प्रोजेक्ट चालवणाऱ्यांना तर ते दिसतच नाही. माझी दोन्ही काँट्रिब्युशन्स त्या वहीतूनच निघाली.

आता इन्स्टॉल. उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) आधी रूबी आणि कोड कंपाइल करायला लागणारं बिल्ड-इसेन्शियल टाका, मग जेम इन्स्टॉल या कमांडने बंडलर आणि जेकिल. जेम म्हणजे रूबीचं तयार पॅकेज, आणि बंडलर ती पॅकेजेस सांभाळतो. इथे परमिशनची एरर आली की सगळे पुढे सुडो (ॲडमिनचा अधिकार देणारी कमांड) लावतात, ते करू नका. होम फोल्डरमध्ये जेम्ससाठी वेगळी जागा करा आणि बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलमध्ये जेम होम नावाचा व्हेरिएबल तिकडे वळवा, पाच मिनिटांचं काम आहे पण पुढचा खूप त्रास वाचतो. विंडोजवाल्यांनी रूबी इन्स्टॉलरचं डेव्हकिट असलेलं व्हर्जन घ्यायचं आणि शेवटी जी काळी खिडकी उघडते तिच्यात टूलचेनसुद्धा (कंपाइल करायची साधनं) टाकायचं, कारण काही जेम्स तुमच्या मशीनवरच कंपाइल होतात. मग जेकिल न्यू आणि साइटचं नाव, म्हणजे नवीन साइटचा फोल्डर तयार होतो, त्या फोल्डरमध्ये जाऊन बंडल एक्झेक जेकिल सर्व्ह, आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट ४०००, तिथे तुमच्याच मशीनवर चाललेली साइट दिसते.

इथे वेबरिक सापडत नाही अशी एरर आली तर घाबरू नका. डिसेंबर २०२० मध्ये रूबी ३.० आलं तेव्हा वेबरिक हा छोटा सर्व्हर रूबीसोबत येणं बंद झालं. जेकिल ४.३ पासून तो आपोआप येतो, पण गिटहब पेजेसची (गिटहबचं फुकट होस्टिंग) जुनी पद्धत वापरत असाल तर तिथे अजून जेकिल ३ आहे, त्याच्या जुन्या व्हर्जनवर ही एरर आली तर बंडल ॲड वेबरिक एवढं करा. आणखी एक, साइटच्या सेटिंगच्या कॉन्फिग फाइलमध्ये बदल केला की सर्व्ह बंद करून परत चालू करावं लागतं, बाकीच्या फाइली आपोआप वाचल्या जातात पण ही नाही. मी साइटचं नाव तीन वेळा बदलून बघितलं आणि ते बदलेचना, मग कळलं.

मराठी साइट करताना मात्र वेगळ्याच गोष्टी कळतात, आणि त्या इंग्रजी ट्युटोरियलमध्ये नसतात. पोस्टच्या फाइलचं नाव तारखेने सुरू व्हावं लागतं, वर्ष-महिना-दिवस आणि मग शीर्षक. मी हौसेने तारीख मराठी आकड्यांत लिहिली. पोस्ट आलीच नाही, एरर पण नाही. कारण रूबीत तारीख ओळखणारा पॅटर्न फक्त इंग्रजी आकडेच आकडे म्हणून धरतो. शीर्षक मराठीत चालतं, तारीख इंग्रजी आकड्यांतच हवी.

दुसरी गोष्ट वेळेची. वाचनालयाच्या काकांनी सकाळी ९ ची वेळ टाकून व्याख्यानाची सूचना चढवली आणि दहा वाजता मला फोन, "आजचीच तारीख टाकलीय की, मग दिसंना कशी?" मी लॅपटॉपवर बघितलं तर तिथेही नाही. अर्धा दिवस गेला यात. वेळेपुढे प्लस ०५३० लिहिलं नाही तर ती वेळ यूटीसी, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, धरली जाते, म्हणजे आपल्याकडची दुपारची अडीच, आणि भविष्यातली वेळ असलेली पोस्ट जेकिल बांधतच नाही. बरं, अडीच वाजले म्हणून साइटवर ती आपोआप उगवत पण नाही, परत बिल्ड व्हावं लागतं, म्हणजे पानं नव्याने काढावी लागतात. हे वहीत लिहिलं, आणि आम्ही वापरत होतो त्या थीमच्या (साइटचं तयार रूप) रीडमीमध्ये, म्हणजे माहितीच्या फाइलमध्ये, तारखेचं जे उदाहरण होतं त्यात प्लस ०५३० सारखं काहीच नव्हतं हेही लिहिलं. त्या उदाहरणात ते घालणं हीच माझी पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल मूळ प्रोजेक्टमध्ये घ्या अशी विनंती.

प्रोसेस सांगतो. रेपो, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींचा साठा, आपल्या अकाउंटवर फोर्क करायचा (स्वतःची प्रत घ्यायची), तो मशीनवर क्लोन करायचा (उतरवून घ्यायचा), मेन ब्रँचला हात न लावता नवीन ब्रँच, म्हणजे बदलांसाठी वेगळी फांदी, काढायची, बदल, कमिट (बदलाची नोंद), पुश (ती गिटहबवर चढवणं), आणि मग मूळ रेपोकडे पुल रिक्वेस्ट. कमिट करण्याआधी गिट डिफ (काय काय बदललं ते दाखवणारी कमांड) बघाच. माझ्या एडिटरने सेव्ह करताना अख्ख्या फाइलच्या मोकळ्या जागा नीट केल्या होत्या, बदल दोन ओळींचा आणि डिफ दीडशे ओळींचा. मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, शांतपणे लिहिलं की फक्त त्या दोन ओळी ठेव. ठेवल्या, आठवड्याभराने मर्ज झालं, म्हणजे बदल मूळ प्रोजेक्टमध्ये गेला. ही माणसं नोकरी सांभाळून रात्री हे बघतात, त्यांना वाचायला कमी देणं हाच आपल्याकडून मान. उत्तर यायला वेळ लागला तर रोज आठवण करू नका.

दुसरं काँट्रिब्युशन कोडचं, आणि ते मला जास्त जवळचं आहे. थीमच्या कॅटेगरीच्या पानावर मराठी कॅटेगरीच्या सगळ्या लिंका नुसत्या हॅशवर (# या चिन्हावर) जात होत्या, "कविता" दाबा नाहीतर "प्रवासवर्णन", पान जागचं हलत नव्हतं. बिल्डच्या वेळी टर्मिनलमध्ये रिकामा स्लग (नावावरून बनणारा पत्त्यातला तुकडा) तयार झाला अशी वॉर्निंग येत होती, तिच्यावरून शोधलं. थीममध्ये हा स्लग बनवणारा स्लगिफाय फिल्टर आस्की मोडमध्ये वापरला होता, त्यात ए ते झेड आणि शून्य ते नऊ सोडून सगळं उडतं, म्हणजे आपलं अख्खं नावच गायब. मग जेकिलचा स्वतःचा कोड उघडला, युटिल्स नावाची फाइल. तिथल्या डीफॉल्ट पॅटर्नमध्ये तीन गट ठेवलेत, पी-एल म्हणजे अक्षरं, पी-एनडी म्हणजे आकडे आणि पी-एम म्हणजे मार्क. हा मार्क म्हणजे आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त. मी गंमत म्हणून आयआरबीमध्ये (रूबी ओळीओळीने चालवून बघायचं टूल) पी-एम काढून "मराठी" दिलं तर बाहेर आलं "मर-ठ". परत घातलं, "मराठी". दोन अक्षरांच्या त्या खुणेवर आपली भाषा पत्त्यात शाबूत राहते, आणि कुणीतरी कधीतरी विचार करून ती तिथे घातलीय. मी बराच वेळ ती ओळच बघत बसलो होतो.

थीममधला आस्की शब्द काढला, डीफॉल्ट मोड ठेवला, पुल रिक्वेस्टमध्ये आधीचं आणि नंतरचं आउटपुट दोन्ही चिकटवलं, सोबत एक मराठी कॅटेगरी असलेली छोटी सॅम्पल पोस्ट. मेंटेनरला मराठी येत नव्हतं, पण रिकामी लिंक आणि भरलेली लिंक कुणालाही कळते. असं दाखवता आलं की चर्चा लांबत नाही.

थेट जेकिलच्या रेपोत काम करायचं असेल तर डॉक्स फोल्डरपासून सुरुवात करा, त्यांची वेबसाइट जेकिलवरच चालते आणि तिचा मजकूर त्याच रेपोत आहे. कोड बदलणार असाल तर स्क्रिप्ट फोल्डरमधलं बूटस्ट्रॅप (लागणारी जेम्स टाकणारी स्क्रिप्ट) चालवा, मग टेस्ट्स, आणि रूबोकॉप (कोडची मांडणी तपासणारं टूल) जी स्टाइल सांगेल ती मुकाट्याने पाळा. व्हर्जन नंबर आपण बदलायचा नसतो. काँट्रिब्युटिंगचं पान आधी पूर्ण वाचा, अर्धे प्रश्न तिथेच सुटतात.

सध्या माझ्या वहीत एक नोंद उघडी आहे. जेकिलचा डेट फिल्टर महिन्याचं नाव इंग्रजीतच देतो, म्हणून मी डेटा फोल्डरमध्ये बारा महिन्यांची मराठी फाइल केली आणि महिन्याच्या आकड्यावरून नाव उचललं. पहिल्यांदा सगळे महिने कोरे आले, कारण फाइलमध्ये आकडे तसेच लिहिले होते आणि फिल्टर देतो ती स्ट्रिंग (मजकूर), आकड्यांना अवतरण चिन्हं लावली आणि "जानेवारी" दिसलं. काकांनी फोनवर झूम करून बघितलं. आता हे थीमच्या डॉक्समध्ये घालायचंय, ब्रँच काढून ठेवलीय, रविवारी बसतो.