मिनियन राइडमध्ये मळमळ होते? न हलणारी सीट मागा

ऑरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये २०१२ पासून ‘डेस्पिकेबल मी मिनियन मेहेम’ ही सिम्युलेटर राइड आहे. गाडी जागची कुठेही जात नाही. समोरच्या पडद्यावरच्या ॲनिमेशनच्या तालावर फक्त सीट झुकतात, हिसके देतात. डोळे सांगतात आपण दरीत कोसळतोय, आतल्या कानाला मात्र तेवढी हालचाल जाणवत नाही. या गोंधळातूनच मळमळ सुरू होते, आणि ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना इथेही त्रास होण्याची शक्यता जास्त.

अशांसाठी तिथे स्थिर सीटही असतात. सिनेमा तोच, फक्त सीट हलत नाही. पण ही सोय कुणी आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून आत शिरतानाच कर्मचाऱ्याला विचारा. मानेचं किंवा पाठीचं दुखणं असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी हलणाऱ्या सीटच्या वाटेला जाऊच नये. लहान मुलांची उंची मात्र रांगेत उभं राहण्याआधीच मोजून घ्या. हलणाऱ्या सीटसाठी ४० इंच, म्हणजे साधारण १०२ सेंटिमीटर लागते, आणि तासभर थांबून दारातून परतताना होणारी रडारड कुणालाच नको असते.

स्थिर सीटवरही पडद्यामुळे गरगरू शकतं. तसं वाटलं तर सरळ डोळे मिटा आणि डोकं सीटला टेकवून ठेवा. मळमळीची गोळी घ्यायचीच असेल तर राइडच्या आधी घ्यावी लागते, तीही डॉक्टरांना विचारून. अशा बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.